देवाची काकळूट

बायबल मराठीत वाचायला घेतलं की पहिली काही पानं सुरळीत जातात. सृष्टीची उत्पत्ती, एदेन बाग, नोहाचं तारू... सगळं पुराणाच्या वळणाचं, आपल्या ओळखीचं. पुढे कुठेतरी पाय अडखळतो. माझा अडखळला तो उज्जापाशी.

ही गोष्ट शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात येते. दावीद राजा देवाच्या कराराचा कोश गाडीवर घालून वाजतगाजत यरुशलेमला न्यायला निघालेला. वाटेत एका खळ्यापाशी बैल अडखळले, कोश कलंडेल असं वाटलं, म्हणून उज्जानं हात पुढे करून तो सावरला. झालं. देवाचा कोप भडकला आणि उज्जा जागच्या जागी मेला. पडणारी पालखी सावरावी तसा त्यानं हात लावला होता. आपल्याकडे असा हात लावणाऱ्याला पुढल्या वर्षी मान मिळाला असता.

अशा गोष्टी एक नाही, अनेक आहेत. अलीशा संदेष्ट्याच्या टकलाची थट्टा केली म्हणून दोन अस्वलिणी बेचाळीस पोरांना फाडतात. इफ्ताह नवस बोलतो आणि घरातून सामोरी येते ती त्याची एकुलती एक लेक. अंजिरांचा मोसम नसतानाही अंजिराच्या झाडाला फळ नाही म्हणून येशू शाप देतो, आणि मोसम नव्हता हे मार्क स्वतःच लिहून ठेवतो. टीकाकारांची पुस्तकं उघडली तर प्रत्येकावर उत्तर आहे. कोश गाडीवर न घालता लेव्यांनी खांद्यावरून न्यायचा असा नियम होता, अंजिराचं झाड म्हणजे निष्फळ मंदिराचं प्रतीक, वगैरे. उत्तरं वाचून होतात, पुस्तक मिटतं, आणि उज्जा तिथेच खळ्यापाशी पडलेला असतो.

मी हिंदू घरातला माणूस, बायबल कशाला वाचतो, असं काही जण विचारतात. गोव्यात मराठी वाचणाऱ्याला हा प्रश्न पडू नये असं माझं मत आहे. आपल्या साष्टीत बसून फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं 'क्रिस्तपुराण' रचलं. 1579 साली तो गोव्यात आला, आणि त्याचा हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ 1616 साली रायतूरला, म्हणजे आजच्या राशोलला, रोमन लिपीत छापून निघाला. 1649 आणि 1654 मध्ये तो पुन्हा छापला गेला. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. जे वाचलं ते हस्तलिखितांमुळे, त्यांतली बरीचशी गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्यांनी जपलेली. बायबलातली कथा ओवीत ऐकायची सवय या मातीला चारशे वर्षांची आहे. मी फार उशिरा आलेला श्रोता.

या पुराणाची सुरुवातच प्रश्नानं होते. नवा ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला म्हणतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला तसंच काहीतरी आमच्या भाषेत द्या. केवढा मोठा प्रश्न! त्यात मागणी आहे आणि तक्रारही आहे, जरी आवाज नम्र असला तरी. पुराण पुढे सरकत राहतं, श्रोते शंका विचारतात, पाद्रीगुरू निरसन करतो. आपल्या परंपरेतही श्रोता-वक्त्याची हीच बैठक असते. मला स्टीफन्सची भाषा फार आवडते, पण एक गोष्ट खटकते. तिथे प्रश्न पडायचा अवकाश, की उत्तर तयार. मूळ बायबल तसं नाही.

मूळ बायबल प्रश्न लटकत ठेवतं. उज्जा मेल्यावर दावीद काय करतो? तो संतापतो. देवाच्या या कृत्यावर रुसतो, मग घाबरतो, आणि कोश यरुशलेमला न नेता तीन महिने दुसऱ्याच्याच घरी ठेवतो. हे सगळं लिहिलेलं आहे. देवाचा लाडका राजा देवावर चिडला, आणि लिहिणाऱ्यानं ते खोडलं नाही, त्याच्या तोंडी नंतरची क्षमायाचनाही घातली नाही. ईयोबाची कथा तर ठाऊकच असेल. पोरंबाळं, गुरंढोरं, अंगाची कातडी, सगळं गेल्यावर तो देवाला जाब विचारतो. शेवटी देव वादळातून बोलतो, पण 'का' याचं उत्तर देत नाही. उलट त्यालाच प्रश्न विचारत सुटतो. आणि गंमत म्हणजे, ज्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन सगळं व्यवस्थित समजावून सांगितलं होतं, त्यांच्यावरच देव रागावतो. भांडणाऱ्या ईयोबाला मात्र तो म्हणतो की हाच माझ्याविषयी खरं बोलला. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काळोखातच संपतं, बाकीच्या विलापांसारखं शेवटी स्तुतीकडे वळत नाही. आपल्याकडे तुकोबांनी विठ्ठलाशी केलेली भांडणं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हा सूर परका वाटणार नाही. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे गेले, असं ते स्वतः सांगत.

हे सगळं पुस्तकी झालं. या अवघड वचनांचं ओझं खरोखर वाहणारं माणूस मी पाहिलं ते आमच्या वाड्यावर. त्यांना आम्ही मावशी म्हणत असू.

मावशींच्या लहानपणी इगर्जीत मिस्स लॅटिनमध्ये व्हायची. संध्याकाळी घरच्या ओराटोरासमोर तेर्स, फेस्ताला लादाईन, शिकवणीच्या वर्गात पाठ केलेली दोत्रीन, एवढंच त्यांचं धर्मज्ञान. शुभवर्तमान कानावर पडायचं, पण त्यातलं वाक्य न् वाक्य कळायची सोय नव्हती. रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद 1962 ते 1965 या काळात भरली आणि त्यानंतर मिस्स कोंकणीत होऊ लागली. या बदलाचं कौतुक आपण खूप ऐकलं आहे, आणि ते रास्तच आहे. पण त्याची एक बाजू कुणी बोलत नाही. वचनं आपल्या भाषेत आली, तशी कोडीही आपल्या भाषेत आली. लॅटिनमध्ये जे नुसतं गंभीर वाटत होतं, ते कोंकणीत टोचायला लागलं.

मावशींना टोचलं ते योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातलं. रात्री गुपचूप भेटायला आलेल्या निकदेमाला येशू सांगतो की पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याखेरीज कुणालाही देवाच्या राज्यात प्रवेश नाही. कुणालाही नाही.

मावशींचं पहिलं मूल घरीच जन्मलं आणि घटकाभरात गेलं. मुलगा होता. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्ष-दीड वर्षच झालं असेल. वैजीण आमच्यातली, म्हणजे हिंदू, पावसाचे दिवस, विगाराला बोलवायला माणूस धावला, पण तो व्हाळापर्यंत पोचायच्या आतच इकडे सगळं आटोपलं होतं. बाप्तिस्मा झाला नाही, म्हणून सिमितेरीच्या पवित्र केलेल्या जमिनीत जागा नाही. गडग्याच्या बाहेरच्या अंगाला पुरलं. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती, कुणी मुद्दाम दुष्टपणा केला असं नव्हे.

पुढे कधीतरी, मुलं मोठी झाल्यावर, मावशींना कळलं की अडीअडचणीला बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो. पाद्री लागत नाही. ख्रिस्ती असायचीही गरज नाही. चर्च जे करतं तेच करायचा मनात हेतू असला आणि ठरलेले शब्द म्हणत पाणी ओतलं, की पुरे. चर्चचा हा नियम फार जुना आहे. म्हणजे ती हिंदू वैजीणसुद्धा चालली असती.

मला हे सांगताना मावशी बालकांवात बसून कोकमं फोडत होत्या. म्हणाल्या, "कळशी खाटेपाशीच होती रे. भरलेली."

मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच.

या एका वाक्याभोवती पंधराशे वर्षं विद्वान झगडत आले आहेत, हे मला नंतर वाचताना समजलं. पाचव्या शतकात संत ऑगस्टिननं हे वचन शब्दशः धरलं. बाप्तिस्म्याविना मेलेली अर्भकं स्वर्गात जात नाहीत, दंड त्यांनाही आहे, फक्त सर्वांत सौम्य, असं त्याचं म्हणणं पडलं. मोठा बुद्धिमान माणूस, पण वचनाच्या काठीला धरून सरळ चालत गेला की माणूस कुठे पोचतो त्याचा हा नमुना. मध्ययुगातल्या पंडितांना ते सोसवेना, म्हणून त्यांनी एक मधली जागा काढली, तिला नाव पडलं लिंबो. लॅटिनमध्ये लिंबुस म्हणजे काठ, वस्त्राची किनार. स्वर्ग नव्हे, यातनाही नव्हे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्विनासनं तर सांगितलं की तिथल्या बाळांना दुःख म्हणून काही नसतं. फक्त देवाचं दर्शन नाही. ही कधी चर्चची अंतिम शिकवण ठरली नाही, पण शतकानुशतकं वर्गावर्गांतून सांगितली गेली, आणि आमच्या वाड्यापर्यंत पोचली.

या बाबतीत आपण हिंदूंनी नाक वर करायचं कारण नाही. दात न आलेलं मूल गेलं तर आपल्याकडे दहन करत नाहीत, पुरतात. त्याचं श्राद्ध नाही, पिंड नाही. शास्त्राची कारणं काहीही असोत, आईला कळतं ते एवढंच की याची कुठे नोंदच नाही. दोन्ही धर्मांच्या वहीत हे मूल समासात.

तर एप्रिल 2007 मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली: पोपनी लिंबो बंद केलं! मथळे असेच होते, जणू एखादं सरकारी खातं गुंडाळलं. मावशींनी माझ्याकडे माणूस पाठवला. मी मूळ मजकूर मिळवून वाचला. तो पोपचा हुकूम नव्हता, व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा अभ्यास होता. सोळाव्या बेनेडिक्टनी तो प्रसिद्ध करायला संमती दिली होती. बराच लांब आणि किचकट, पण प्रामाणिक. आयोगाचे विद्वान योहानाचं ते वचन झटकून टाकत नाहीत. बाप्तिस्मा हवाच, हयगय करू नका, असंच सांगतात. पण त्याच्या शेजारी दुसरी वचनं आणून ठेवतात. लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणारा येशू त्यांची कसली कागदपत्रं मागत नाही. हेरोदानं मारलेली बेथलेहेमची बाळं बाप्तिस्म्याविनाच गेली, तरी चर्च 28 डिसेंबरला त्यांचा सण संत म्हणून पाळतं. 1970 च्या मिस्स-ग्रंथात अशा बाळांसाठी वेगळी अंत्यमिस्स आली, आणि 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथानं तर सरळ म्हटलं की चर्च त्यांना फक्त देवाच्या दयेवर सोपवू शकतं. एवढं सगळं करून आयोग थांबतो कुठे? तर ही बाळं तरतील अशी आशा धरायला भक्कम आधार आहे, पण ते निश्चित ज्ञान नव्हे. ते आम्हाला प्रकट झालेलं नाही.

मी जाऊन कोंकणीत जमेल तसं सांगितलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तो कुठे आहे हे त्यांना कळलं?"

"नाही, मावशी. कळलेलं नाही असंच लिहिलंय. पण देव दयाळू आहे म्हणून आशा आहे, म्हणतात."

"मग माझ्याएवढंच कळतं त्यांना," मावशी म्हणाल्या, आणि हसल्या. मोठमोठ्या विद्वानांनी कित्येक वर्षं बसून हे ठरवलं याचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं असावं. "मी पंचेचाळीस वर्षं रोज हेंच म्हणता. देवाची काकळूट."

काकळूट. हा शब्द मराठी माणसानं जरा थांबून ऐकावा. आजच्या मराठीत आपण काकुळतीला येतो, म्हणजे मागणारा गयावया करतो. कोंकणीत काकळूट देणाऱ्याची असते. देवाला येते ती काकळूट. शब्द एकाच कुळातला, पण आपल्याकडे तो खालून वर जातो आणि कोंकणीत वरून खाली येतो. जुन्या करारात दयेसाठी जो हिब्रू शब्द वारंवार येतो, त्याचं नातं गर्भाशयाच्या शब्दाशी आहे. रेहेम म्हणजे गर्भाशय, रहमीम म्हणजे दया. अरबीतून उर्दूत आणि तिथून आपल्या कानावर पडलेला 'रहम' याच घराण्यातला. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांना काही नवल वाटलं नाही. आईला पोराविषयी वाटतं ते, मग दुसरं काय, असा त्यांचा चेहरा.

आता कुणी म्हणेल, ही पळवाट आहे. उत्तर सापडलं नाही की देवाच्या दयेवर सोडायचं. आपल्याकडेही 'त्याची लीला' म्हणून हात झटकायची सोय आहेच. हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. दुसऱ्याच्या दुःखावर ते वाक्य फेकलं की ती पळवाटच होते, ईयोबाच्या मित्रांसारखी. पुत्रशोक झालेल्या घरी जाऊन 'देवाची इच्छा' म्हणणारी माणसं मला सहन होत नाहीत. पण तेच शब्द ज्याचं गेलं आहे त्याच्या तोंडून आले, तर त्यांचा अर्थ बदलतो. मावशींनी प्रश्न सोडला नव्हता. खाटेपाशीची कळशी त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. प्रश्न आणि भरवसा दोन्ही एकाच ओराटोरापुढे रोज उभे असायचे, एकानं दुसऱ्याला घराबाहेर काढलं नाही. उत्तर मिळालं असतं तर भरवशाची गरज तरी काय होती?

मत्तयाच्या पंधराव्या अध्यायात एक कनानी बाई आहे. परक्या जातीची. लेक आजारी म्हणून ती येशूच्या मागे ओरडत जाते. तो आधी गप्पच राहतो. मग म्हणतो, मी इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांसाठीच आलो आहे. ती पाया पडते, तर मुलांची भाकरी कुत्र्यांना घालणं बरं नव्हे, असं उत्तर येतं. येशूच्या तोंडी हे वाक्य! इथेही टीकाकार धावून येतात. मूळ ग्रीकमध्ये लहान पाळीव कुत्र्याचा शब्द आहे, तो तिची परीक्षा पाहत होता, इत्यादी. असेल. मला त्यानं समाधान होत नाही. पण बाईकडे पाहावं. शब्द लागला की नाही याचा निवाडा ती मागत नाही. कुत्रीदेखील मेजाखाली पडलेला चुरा खातातच की, असं म्हणून त्याचंच वाक्य धरून ती आत शिरते, आणि लेक बरी करून घेऊनच परतते. येशू तिच्या विश्वासाला मोठा म्हणतो. ती दोन वाक्यं मात्र तशीच राहतात. मत्तयानं ती गुळगुळीत केली नाहीत.

मावशींना स्वतःला जास्त जवळची होती दावीदाच्या बाळाची गोष्ट. मीच एकदा वाचून दाखवली होती, जरा भीतभीतच. दुसऱ्या शमुवेलच्या बाराव्या अध्यायात बथशेबेला झालेलं दावीदाचं मूल आजारी पडतं. दावीद उपास करतो, रात्ररात्र जमिनीवर पडून राहतो. सातव्या दिवशी मूल जातं. राजाला कसं सांगावं म्हणून चाकर कुजबुजतात, पण तो उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, देवाच्या घरी जाऊन नमस्कार करतो आणि जेवायला मागतो. चाकर चक्रावतात. तो त्यांना सांगतो की मूल जिवंत होतं तोवर देवाला दया येईल म्हणून रडलो. आता ते माझ्याकडे परत येणार नाही, मीच त्याच्याकडे जाणार आहे.

एवढं वाचून मी थांबलो. मावशी म्हणाल्या, परत वाच. मी परत वाचलं. त्या बाळाचं नाव काय, असं त्यांनी विचारलं. नाव दिलेलं नाही, मी म्हटलं. सातव्याच दिवशी गेलं, आणि यहुद्यांत सुंता आठव्या दिवशी होते. मजकुरातला सातवा दिवस आजारपणाचाही असू शकेल, तसं मी सांगितलंही. पण मावशींनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं की ते मूलही विधीवाचूनच गेलं. आणि तरी दावीद म्हणतो की मी त्याच्याकडे जाईन. म्हणजे ते कुठेतरी आहे. मावशींना तेवढं पुरे होतं.

"पण सुरुवातीला जें आसा तें?" मी विचारलं. कारण त्याच अध्यायात संदेष्टा नाथान सांगतो की मूल मरेल ते बापाच्या पापामुळे. पाप दावीदाचं, आणि मेलं ते बाळ.

"तें म्हाका पटना," मावशी म्हणाल्या. स्वच्छ, आवाज न चढवता. मग डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. "वर गेल्यावर विचारीन त्याला. आधी माझ्या चल्याला बघते, मग विचारते."

आणि मला म्हणाल्या, चहा थंड होतोय, घे.